लाकूडकामाच्या धंद्यात नवं काय येतंय यावर नजर कशी ठेवायची: पायरीपायरीने

माझ्या वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला काळ्या मॅट लॅमिनेटची अकरा शीटं उभी आहेत. ज्या वर्षी जिकडेतिकडे काळी किचन्स दिसत होती, त्या वर्षी घेतलेली. पहिलंच किचन बसवलं आणि आठवड्याच्या आत गिऱ्हाइकाचा फोन आला. प्रत्येक शटरवर बोटांचे ठसे, आणि पुसायला जावं तर पुसल्याच्या रेघा. ठसे न उमटणारं मॅट वेगळं येतं हे मला ऐकून माहीत होतं. पण खरेदी आधी झाली, चौकशी नंतर. ती शीटं आता ड्रॉवरच्या आतल्या तळाला लावून एकेक करून संपवतोय.

काळ्या रंगाने माझं काही बिघडवलं नव्हतं. क्रम चुकला होता. बहुतेक वर्कशॉपवाल्यांचा तोच चुकतो: आधी प्रदर्शनात किंवा मोबाइलवर काहीतरी दिसतं, मग पैसे जातात, आणि मग त्या वस्तूला शोभेल असं काम शोधायला आपण निघतो. खालच्या पायऱ्या बरोबर उलट्या दिशेने जातात. एकही गाळू नका. पहिली तर नाहीच, आणि तीच सगळ्यांना कंटाळवाणी वाटते.

पायरी १: आधी आपली वही उघडा

बाहेर बघण्याआधी मागच्या बारा महिन्यांची सगळी कामं एका कागदावर उतरवा. प्रत्येक कामासमोर एवढं लिहा: कामाचा प्रकार, ठरलेले दिवस, प्रत्यक्षात लागलेले दिवस, मालाचा खर्च, गिऱ्हाईक कुणाकडून आलं, आणि काम संपल्यावर दुरुस्तीला किती वेळा जावं लागलं.

मग प्रत्येक कामाचा ताशी हिशोब काढा. बिलातून माल आणि बाहेर दिलेली मजुरी वजा करा, उरलेल्या रकमेला एकूण तासांनी भागा. या तासांत माप घ्यायला गेलेला वेळ, चढवण्या-उतरवण्याचा वेळ आणि दुरुस्तीच्या फेऱ्याही धरा. आकडे बघून पोटात गोळा येईल. माझ्याकडे एका दुकानाच्या फर्निचरचं बिल एका कोरीव दाराच्या पाचपट होतं. माल वजा जाता उरलेली रक्कम तिप्पट निघाली आणि तास सहापट. म्हणजे ज्या कामाचं मी चार लोकांत कौतुक करत होतो, ते ताशी निम्मंच देत होतं.

आता आणखी एक रकाना आखा, कारण सगळ्या लेखात याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही: गिऱ्हाइकाने मागितलं आणि आपण नाही म्हटलं अशा गोष्टी. 'हँडल नको, दाबलं की उघडणारं हवं.' 'वासाचं पॉलिश नको, घरात लहान बाळ आहे.' 'बोर्डाला प्रमाणपत्र आहे का?' ही वाक्यं आपण हसून सोडून देतो आणि कुठेच नोंदवत नाही. बाजार बदलतोय याची पहिली खूण मासिकात येत नाही, तुमच्याच दारात येऊन परत जाते. आज सुरुवात केलीत तर तीन महिन्यांत हा रकाना बोलायला लागेल.

तपासणी: ताशी सगळ्यांत जास्त देणारे तुमचे तीन कामाचे प्रकार वही न बघता सांगता येतात का? येत नसतील तर पुढच्या पायरीवर जाऊ नका. कोणतं नवं तुमच्या उपयोगाचं आहे हे ठरवायला दुसरं मापच नाही.

पायरी २: बदलांचे चार ढीग करा

सगळे बदल एका वेगाने येत नाहीत. नियम तारखेने येतात. माल आणि हार्डवेअर दोन-तीन वर्षांत रुळतं. यंत्रं आणि पद्धती अंगवळणी पडायला त्याहून जास्त वेळ घेतात. रंगरूप सगळ्यांत भरभर बदलतं, म्हणून सगळं लक्ष तेच खातं. वहीत चार वेगळे भाग करा आणि दिसलेली प्रत्येक नवी गोष्ट कुठल्या भागात जाते ते आधी ठरवा.

यातल्या नियमांच्या भागाकडे आपल्यातले बहुतेक जण वळूनही बघत नाहीत. म्हणून तिथे जरा थांबतो.

बोर्डातला फॉर्मल्डिहाइड घ्या. प्लाय, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डातल्या डिंकातून हा वायू हळूहळू बाहेर पडतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तो माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला. युरोपात ई१ (कमी वायू सोडणाऱ्या) वर्गाच्या बोर्डाची मर्यादा चाचणी-कक्षातल्या हवेत घनमीटरला ०.१२४ मिलिग्रॅम आहे. फर्निचर आणि लाकडापासून केलेल्या वस्तूंसाठी ६ ऑगस्ट २०२६ पासून ०.०६२ ही मर्यादा ठरली, म्हणजे बरोबर निम्मी. अमेरिकेत प्रत्येक बोर्डाचा आकडा वेगळा: हार्डवुड प्लायला दशलक्ष भागांत ०.०५, पार्टिकल बोर्डाला ०.०९, एमडीएफला ०.११. तुम्ही एकही खुर्ची परदेशी पाठवत नसाल. तुमचा बोर्डवाला पाठवत असेल, आणि तुमचं गिऱ्हाईक हे आकडे वाचून आलेलं असेल.

सावध: युरोपचे आणि अमेरिकेचे आकडे शेजारी ठेवून कुठला बोर्ड 'जास्त चांगला' ते ठरवू नका. एकके वेगळी आहेत आणि मोजण्याच्या पद्धतीही. आपल्या बाजारात कुठला नियम लागू आहे तेवढं बघा, आणि बोर्डावरचा शिक्का त्याच नियमाचा आहे का ते ताडून पाहा.

लाकडाचंही तसंच. २ जानेवारी २०१७ पासून साइटिस (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय) कराराखाली शिसवाची अख्खी डालबर्जिया प्रजाती नियंत्रित यादीत आली. देशाबाहेर जाणाऱ्या मालाला परवाने लागू लागले आणि गिटार बनवणारेसुद्धा अडकले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. युरोपच्या जंगलतोडविरोधी कायद्याने ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल साफ केलेल्या जमिनीवरचं लाकूड नाकारायचं ठरवलं आणि झाड जिथे वाढलं त्या जागेचे अक्षांश-रेखांश मागितले. तो लागू व्हायची मूळ तारीख २०२४ च्या अखेरची होती. ती आधी एका वर्षाने पुढे गेली, मग आणखी पुढे ढकलली गेली. म्हणून नियमांच्या तारखा वहीत पेन्सिलने लिहा आणि दर तीन महिन्यांनी मूळ सरकारी मजकुरावरून तपासा. 'सप्लायर म्हणाला' ही तारीख नव्हे.

भुसाही याच ढिगात जातो. लाकडाची बारीक धूळ कर्करोग करते, हे वर आलेल्या त्याच कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं. युरोपात हार्डवुडच्या धुळीची मर्यादा २०२३ पासून घनमीटरला ३ मिलिग्रॅमवरून २ वर आली. नवं यंत्र बघताना धूळ ओढण्याची सोय हा जोडखर्च आहे असं समजणाऱ्याने हे दोन आकडे वाचावेत.

रंगरूपाच्या ढिगावर फार वेळ घालवू नका. पँटोन कंपनी दर वर्षाचा एक रंग जाहीर करते, २०२५ चा कॉफीसारखा तपकिरी होता. कापडवाल्याला त्याचा उपयोग असेल. आपण केलेलं कपाट पंधरा वर्षं उभं राहतं.

पायरी ३: माहितीच्या वाटा मोजक्या ठेवा

पाच-सहा पुरेत. कोणत्या, ते धंद्यावर अवलंबून आहे. पण निवडताना एक प्रश्न प्रत्येकाला लावा: हे मला सांगून यांचा काय फायदा? फायदा असणं वाईट नाही, तो माहीत असला की झालं.

माझ्या अनुभवात सगळ्यांत खरी बातमी देतात ते फिटर आणि दुरुस्तीवाले. दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या कुठल्या बिजागऱ्या खाली बसल्या, कुठल्या बोर्डाच्या कडेला चिकटवलेली पट्टी सुटली, हे त्यांनाच ठाऊक. महिन्यातून एकदा अशा एका माणसासोबत अर्धा तास बसा आणि एवढंच विचारा: सध्या काय उचकटायला बोलावतात?

हार्डवेअरच्या सेल्समनला 'नवीन काय?' असं विचारू नका. तो कॅटलॉग उघडेल आणि तुमची सकाळ जाईल. त्याऐवजी हे तीन प्रश्न टाका. मागच्या वर्षी आणलेल्यांपैकी कशाची दुसरी ऑर्डर आली नाही? कॅटलॉगमधून काय काढून टाकलं? शोरूममध्ये लावलेला रंग कुठला आणि गोडाऊनमधून प्रत्यक्षात जाणारा कुठला? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमीच 'पांढरा आणि लाकडी' असं येतं. ते ऐकून जीव थंड होतो.

गुगल ट्रेंड्स (कुठला शब्द किती शोधला जातो ते दाखवणारी सोय) वापरत असाल तर एक गैरसमज आधी काढून टाका. तिथला १०० हा आकडा म्हणजे शंभर लोकांनी शोधलं असा नाही, किंवा शंभर टक्के असाही नाही. तुम्ही निवडलेल्या काळातला आणि भागातला सर्वांत वरचा बिंदू म्हणजे १००. बाकी सगळं त्याच्या तुलनेत. क्वचित शोधला जाणारा शब्दही त्यामुळे शंभरावर पोचलेला दिसतो. तेव्हा शब्द एकटा बघू नका. ज्याची मागणी तुम्हाला हातावरच्या रेषांसारखी माहीत आहे असा जुना शब्द शेजारी टाका, काळ पाच वर्षांचा निवडा, आणि दरवर्षी त्याच महिन्यांत उठणारी लाट मोसमी म्हणून सोडून द्या.

समाजमाध्यमांवरचे फोटो बघायला हरकत नाही. पण फोटो काम संपल्याच्या संध्याकाळी काढलेला असतो. दोन पावसाळे बघितलेल्या टेबलाचा फोटो कुणी टाकत नाही.

प्रदर्शनाला जाताना

मोठी प्रदर्शनं कधी असतात ते आधी वहीत टाका, म्हणजे नव्या यंत्रांच्या घोषणा कुठल्या महिन्यांत येतात ते कळतं, जाणं न जाणं पुढचं. यंत्रांसाठी जर्मनीतल्या हॅनोव्हरचं लिग्ना १९७५ पासून भरतं, आता विषम वर्षी. फर्निचरचे सुटे भाग, बोर्ड आणि हार्डवेअर यांचं कोलोनचं इंटरझुमही विषम वर्षीच. अमेरिकेत अटलांटाचं प्रदर्शन सम वर्षी आणि लास वेगासचं विषम वर्षी. मिलानचा फर्निचर मेळा १९६१ साली सुरू झाला, तो हल्ली दर एप्रिलला असतो. तिथे रंगरूप बघायचं, यंत्रं नाहीत.

प्रत्यक्ष गेलात तर रिकाम्या हाताने जाऊ नका. आपण रोज वापरतो त्या बोर्डाचे चार तुकडे आणि आपल्याच एका कामाचं ड्रॉइंग पिशवीत ठेवा. स्टॉलवरचं यंत्र त्यांच्या निवडक बोर्डावर लोण्यासारखं चालतं. तुमचा तुकडा द्या आणि म्हणा, यावर चालवा. कडेला कपच्या उडतात का ते नखाने बघा. मग एक काम संपवून दुसरं लावायला किती मिनिटं लागतात ती घड्याळात मोजा, कारण लहान वर्कशॉपचा वेळ यंत्राच्या वेगात जात नाही, बदलाबदलीत जातो. विजेचा भार, हवेचा दाब आणि धूळ ओढायला किती क्षमता लागेल, हे तीन आकडे लिहून घ्या. आणि बोलायचं ते यंत्र चालवणाऱ्या माणसाशी, टायवाल्याशी नाही.

सावध: प्रदर्शनात ॲडव्हान्स देऊ नका. 'फक्त आजच्यापुरती सूट' पंधरा दिवसांनी फोन केला तरी सहसा मिळते.

पायरी ४: वेळ बांधा आणि नोंद ठेवा

आठवड्यातून पाऊण तास. दिवस आणि वेळ ठरलेली, जेवणाआधीची असली तर उत्तम. रात्री अंथरुणात मोबाइलवर बघणं यात धरायचं नाही. त्यातून आठवतं काहीच नाही, हुरहुर तेवढी उरते.

दिसलेल्या गोष्टीची नोंद चार ओळींत करा: तारीख, काय दिसलं, कुणी सांगितलं, आणि ही गोष्ट खरंच रुजते आहे हे मला कशावरून कळेल. चौथी ओळ लिहायचा सगळ्यांना कंटाळा येतो. पण ती नसली तर सहा महिन्यांनी वही चाळताना नुसती नावांची जत्रा दिसते. नमुना असा (पीयूआर म्हणजे काय ते पायरी ६ मध्ये येईल): 'कडेला पीयूआर गोंद. फिटरने सांगितलं. माझ्या तीन गिऱ्हाइकांनी सिंकखालच्या पट्टीची तक्रार केली, तर विचार करायचा.'

एखादी गोष्ट तीन वेगळ्या वाटांनी समोर आल्याशिवाय पुढच्या पायरीवर न्यायची नाही. एकाच कंपनीचे तीन डीलर म्हणजे तीन वाटा नव्हेत, ती एकच वाट. सेल्समन, फिटर आणि गिऱ्हाईक असे तिघे तेच बोलायला लागले की कान टवकारा. नियमांना ही अट लागू नाही. नियम एकदाच कळला तरी पुरे.

पायरी ५: चाळणी

दर तीन महिन्यांनी वही घेऊन बसा. तीन वाटांनी आलेली प्रत्येक गोष्ट या प्रश्नांतून काढा. पहिल्या पायरीत निघालेल्या तीन चांगल्या प्रकारांपैकी एकाला तरी ती उपयोगी आहे का? आपली माणसं ती शिकू शकतील का, आणि शिकेपर्यंत काम कोण ओढेल? बिघडली तर दुरुस्ती जवळपास होते का? पाच वर्षांनी तोच रंग, तीच बिजागरी, तोच सुटा भाग मिळेल का? पहिल्याच प्रश्नाला 'नाही' आलं तर बाकीचे विचारू नका, खोडा.

यंत्र असेल तर हिशोब तासांत मांडा, पैशांत नंतर. समजा महिन्याला ६०० मीटर कडेची पट्टी लागते. हाताने लावणं, कापणं आणि घासणं धरून मीटरला ४ मिनिटं जातात. झाले ४० तास. यंत्रावर उचलठेव धरून मीटरला १ मिनिट, म्हणजे १० तास. सेल्समन इथेच थांबतो आणि म्हणतो, ३० तास वाचले. तुम्ही पुढे जा. गोंद तापवणं, सेटिंग आणि साफसफाई यांची रोजची २० मिनिटं, २५ दिवसांची ८ तासांहून थोडी जास्त होतात. उरले सुमारे २२ तास. आणि आता खरा प्रश्न: त्या २२ तासांत तुमचा माणूस काय करणार? वाट बघत पडून असलेलं काम असेल तर यंत्राने कमावलं. नसेल तर त्याने फक्त चहाची वेळ वाढवली.

मोठ्या यंत्राआधी मधली एक पायरी असते आणि ती टाळायला मन फार बघतं: काम बाहेरून करून घेणं. सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, बोर्ड कापून देणारा कुणी असेल तर सहा महिने त्याच्याकडे पाठवा. त्यातून दोन गोष्टी कळतात. आपल्याला खरंच महिन्याला किती तास लागतात, आणि आपली ड्रॉइंग्ज यंत्राला समजतील इतकी नेमकी आहेत का. दुसऱ्या प्रश्नावर बरेच जण आपटतात. मिस्त्री चुकीचं माप हाताखाली सुधारून घेतो. यंत्र चुकीचं माप अचूकपणे कापतं. बाहेरचं काम यंत्राच्या निम्म्या वेळेइतकं भरेपर्यंत मी स्वतः यंत्र घेणार नाही. हा माझा ठोकताळा, नियम नव्हे.

पायरी ६: लहान चाचणी, पण खरी

एक काम, एक कारागीर, एक समजूतदार गिऱ्हाईक. शक्यतो पहिला नमुना स्वतःच्या ऑफिसात किंवा घरात लावा. चाचणीआधी लिहून ठेवा: काय झालं तर पास आणि काय झालं तर नापास. नंतर लिहायला बसलात तर सगळंच पास होतं, कारण तोवर जीव गुंतलेला असतो.

तीन उदाहरणं देतो. तिन्हींत चाचणी वेगवेगळ्या जागी चुकते.

कडेचा गोंद. नेहमीचा ईव्हीए गोंद उष्णतेने पुन्हा मऊ होतो. पीयूआर हवेतला ओलावा घेऊन पक्का होतो आणि मग सहजी सैल पडत नाही. एकाच बोर्डाचे दोन तुकडे घ्या, दोन्हींना वेगवेगळ्या गोंदाने पट्टी लावा, ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवा आणि सकाळी नख घालून बघा. चूक अशी होते की पट्टी लावल्याच्या संध्याकाळीच परीक्षा घेतली जाते. पीयूआरला पूर्ण ताकद यायला काही दिवस लागतात, त्याआधी तो अन्यायाने नापास होतो. आणि उघडा राहिलेला पीयूआर हवेनेच गोंदपात्रात घट्ट बसतो. म्हणजे रोजची साफसफाई हाही चाचणीचाच भाग. ज्या कारागिराकडून ती होणार नाही त्याच्या हाती हा गोंद द्यायचा नाही.

पाण्यावर आधारित पॉलिश. वास कमी, म्हणून मागणी वाढते आहे. पण पहिल्या हाताने लाकडाचे तंतू उभे राहतात, ते बारीक कागदाने घासून मगच पुढचा हात. इथे सवयीने स्टील वूल वापरू नका. त्याचे कण लाकडात अडकतात आणि पाण्याने गंजून काळे ठिपके पडतात. दमट हवेत सुकायला वेळ लागतो, त्यामुळे चाचणी कोरड्या महिन्यात घेऊन वर्षभराचं वेळापत्रक बांधू नका.

सावध: तेलाचं फिनिश आजमावत असाल तर जवसाच्या तेलाची किंवा तसं सुकणारं तेल लागलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सुटते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या धातूच्या डब्यात टाका. चाचणीच्या दिवशी हे कुणाच्याच लक्षात नसतं, म्हणून आग त्याच रात्री लागते.

जाड फळी आणि रेझिनचं (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रवाचं) टेबल. दिसायला देखणं, आणि चुकायला त्याहून सोपं. जुना ठोकताळा असा की मोकळ्या हवेत लाकूड इंचाला एक वर्ष सुकतं. अडीच इंचाच्या फळीचा हिशोब तुम्हीच करा. पिनांचा ओलावा-मीटर पिना जातील तेवढंच सांगतो, पोटातलं नाही. फळीच्या टोकापासून थोडं आत कापून ताज्या कापाच्या मध्यावर मोजा. हवेची आर्द्रता ५० टक्के असलेल्या खोलीत लाकूड साधारण ९ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं. पोटात १८ टक्के असेल तर ते आकसणारच, आणि रेझिन आकसणार नाही. रेझिनही एका दमात जाड ओतलं तर आपल्याच उष्णतेने तापतं, बुडबुडे येतात, तडे जातात. डब्यावर लिहिलेल्या जाडीचे थर द्या. या टेबलाची चाचणी महिन्याची नसते. एक ओला आणि एक कोरडा मोसम जाऊ द्या.

तपासणी: चाचणीत लागलेले तास अंदाजाच्या दीडपटीच्या आत आहेत का? पहिल्या खेपेला दीडपट चालतं. तिसऱ्या खेपेलाही तेवढेच लागत असतील तर दोष सवयीचा नाही, पद्धतीचा आहे.

मिस्त्रीला कधी विचारायचं

चाचणीच्या आधी. नंतर विचारलं तर तो 'होय साहेब' म्हणेल आणि मनात नाही म्हणेल.

आमच्याकडे दाबून उघडणारे ड्रॉवर पहिल्यांदा आले तेव्हा जुन्या मिस्त्रींनी एक उचलला, आत-बाहेर केला आणि म्हणाले, "मामला चांगला आहे, पण पाठीमागे दाबायला जागा कुठं ठेवली तुम्ही? दर्शनी पट्टी कडेला टेकवून बसवली तर हा दबणार कुठं?" बरोबर होतं. या ड्रॉवरच्या चॅनलला (सरकपट्टीला) दर्शनी पट्टीच्या मागे काही मिलिमीटरची फट लागते आणि आम्ही ड्रॉइंगमध्ये जुन्याच पद्धतीने शून्य फट ठेवली होती. त्यांना आधी विचारलं म्हणून चौदा ड्रॉवर वाचले. त्याआधी हँडलसाठी खाच असलेल्या शटरांच्या वेळी विचारलं नव्हतं. त्याचा हिशोब इथे लिहीत नाही.

कारागीर नव्या गोष्टीला विरोध करतो तेव्हा दोन कारणं असू शकतात: त्याला दोष दिसतो, किंवा आपलं कसब निकामी होईल अशी भीती वाटते. दोन्हींना 'नाही जमायचं' हेच वाक्य येतं. विचारा, 'कुठे अडेल ते दाखवा.' बोट ठेवून जागा दाखवली तर तो दोष आहे. दाखवता आली नाही तर भीती आहे, आणि मग शिकवायला वेळ द्यायला हवा, आवाज चढवायला नव्हे.

पायरी ७: निर्णय तीनच

घ्यायचं, थांबायचं, सोडायचं. 'बघू' हा निर्णय नाही. थांबायचं असेल तर पुढे तारीख आणि खूण लिहा: अमुक महिन्यात परत बघणार, तोवर तीन गिऱ्हाइकांनी मागितलं तर घेणार. सोडलेल्या गोष्टीसमोर का सोडली ते एका ओळीत टाका, नाहीतर पुढच्या वर्षी तोच सेल्समन तीच गोष्ट नव्या डब्यात घेऊन येईल.

घ्यायचं ठरलं की त्याच आठवड्यात चार कागद बदला: कोटेशनचा नमुना, कटिंग लिस्ट, गिऱ्हाइकाला द्यायची वापराची सूचना आणि मालाची यादी. हे राहून गेलं की नवी वस्तू जुन्या दराने विकली जाते. आणि एक आत आलं की एक बाहेर काढा. वीस प्रकारचे चॅनल ठेवणाऱ्याच्या कपाटात नेमका हवा तो डावा नग नसतो.

पहिली खरेदी एका कामापुरतीच करा, थोडी जास्त पडली तरी. माझी अकरा शीटं घाऊक सवलतीतच आली होती.

सहा महिन्यांनी

पहिल्या गिऱ्हाइकाकडे स्वतः जा, बोलावणं यायची वाट बघू नका. टॉर्च न्या. दर्शनी भाग बघण्यात वेळ घालवू नका, तो चांगलाच दिसेल. सिंकखालचं शटर उघडा, गुडघ्यावर बसा आणि त्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा. ती कड कुणी पुसत नाही आणि पाणी तिथूनच आधी शिरतं. बोर्ड फुगलेला लागला किंवा पट्टीचं टोक नखाला अडलं तर तिथेच उभ्या उभ्या वहीत तारखेसकट लिहा, आणि त्याच वस्तूची पुढची ऑर्डर त्या दिवसापुरती थांबवा.